पोकर टूर्नामेंटमध्ये बक्षिसाच्या वाटणीची डील कशी करावी

मोठ्या टूर्नामेंटच्या फायनल टेबलवर तीन-चार जण उरले, की ब्लाइंड, म्हणजे प्रत्येक डावाआधी लावाव्या लागणाऱ्या सक्तीच्या पैजा, अनेकदा इतके वाढलेले असतात की सरासरी खेळाडूकडे त्या मानाने थोड्याच चिप्स शिल्लक असतात. पहिल्या आणि तिसऱ्या बक्षिसात मात्र लाखो डॉलरचा फरक असतो. कित्येक दिवसांच्या खेळाचा निकाल आता एक-दोन ऑल-इनवर, म्हणजे सगळ्या चिप्स एकदम पणाला लावण्यावर, लागणार असतो. अशा वेळी कोणीतरी विचारतं, "डील करायची का?" म्हणजे उरलेली बक्षिसं आपसात ठरवून वाटून घ्यायची का?

विचारण्यात गैर काहीच नाही. नशिबाचा वाटा इतका वाढल्यावर सगळ्यांनी मिळून जोखीम कमी करणं शहाणपणाचंच आहे. मला खटकते ती घाई. एकेका हँडचा, म्हणजे पत्त्यांच्या एका डावाचा, तासन्‌तास अभ्यास करणारे खेळाडू आयुष्यातला सर्वात मोठा आर्थिक निर्णय पाच मिनिटांत, उभ्या उभ्या आणि तोंडी घेतात. मग नंतर वाद होतात. म्हणून डील कशी करावी, ते क्रमाने पाहू.

1. खेळायला बसण्याआधी नियम वाचा

सगळ्या स्पर्धा डीलकडे एकाच नजरेने पाहत नाहीत. पोकरस्टार्सच्या युरोपियन पोकर टूरमध्ये खेळाडूंनी मागणी केली तर घड्याळ थांबवतात, अधिकारी आकडे काढून देतात आणि ठरलेली वाटणी अधिकृत निकालात नोंदली जाते. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये, म्हणजे डब्ल्यूएसओपीमध्ये, तसं होत नाही. तिथे पैसे जाहीर तक्त्याप्रमाणेच दिले जातात, आणि खेळाडूंनी आपसात काही ठरवलं तर तो त्यांचा खासगी व्यवहार असतो.

हा फरक फार मोठा आहे. पहिल्या प्रकारात तुमचा वाटा आयोजक थेट तुमच्या हातात देतो. दुसऱ्या प्रकारात तो जिंकणाऱ्याच्या खिशातून यायचा असतो, आणि समोरच्याने शब्द पाळला नाही तर आयोजक मध्ये पडत नाही. तेव्हा नियमपुस्तिकेतलं डीलबद्दलचं कलम आधीच वाचून ठेवा. सापडलं नाही तर टूर्नामेंट डायरेक्टरला सरळ विचारा. त्या देशात असा खासगी करार कायद्याने वसूल करता येतो का, हेही माहीत असलेलं बरं.

2. बॅकर आणि स्वॅप यांचा हिशोब मनात पक्का ठेवा

बाय-इनचा, म्हणजे प्रवेश फीचा, काही भाग बॅकरने, म्हणजे तुमच्यावर पैसे लावणाऱ्याने, भरला असेल, किंवा मित्राशी पाच-दहा टक्क्यांचा स्वॅप, म्हणजे एकमेकांच्या कमाईत वाटा देण्याचा करार, केला असेल, तर डीलमधला प्रत्येक डॉलर सर्वस्वी तुमचा नसतो. डीलला तुम्ही एकटे होकार देऊ शकता, की बॅकरला विचारावं लागेल? स्वॅपचे टक्के जाहीर बक्षिसावर मोजायचे, की डीलनंतर खरोखर मिळालेल्या रकमेवर? माझ्या मते खरोखर मिळालेली रक्कमच धरावी. पण हे स्पर्धा सुरू होण्याआधी ठरलेलं असावं.

तोंडी शब्द किती महाग पडू शकतो, याचं सर्वात गाजलेलं उदाहरण 2006 चं आहे. डब्ल्यूएसओपी मेन इव्हेंटचं, म्हणजे तिथल्या मुख्य स्पर्धेचं, 1 कोटी 20 लाख डॉलरचं पहिलं बक्षीस जेमी गोल्ड यांनी जिंकलं. निम्मी रक्कम देण्याचं त्यांनी कबूल केलं होतं, असा दावा त्यांच्या एका परिचिताने केला. निम्म्या रकमेवर न्यायालयाची टाच आली, व्हॉइसमेलवरचा एक निरोप पुरावा म्हणून पुढे आला, आणि प्रकरण 2007 मध्ये आपसात मिटलं. ती फायनल टेबलवरची डील नव्हती, स्पर्धेआधीचा शब्द होता. धडा तोच आहे.

3. घड्याळ थांबवा आणि सगळ्यांना विचारा

दोन हँडच्या मध्ये, मोठ्या आवाजात, फ्लोअरला, म्हणजे टेबलांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला, बोलावून विषय काढा. हँड चालू असताना कधीही काढू नका. दोघांनी कानाशी कुजबुजून ठरवायचं आणि तिसऱ्याला अंधारात ठेवायचं, असं केलं तर ती डील राहत नाही, ते संगनमत होतं. टेबलवरच्या प्रत्येकाचा होकार हवा. एकाने जरी नकार दिला तरी विषय तिथेच संपला.

नकाराचं कारण मागू नका. 2003 च्या डब्ल्यूएसओपी मेन इव्हेंटमध्ये दोघेच उरले असताना ख्रिस मनीमेकर यांनी वाटणीचा प्रस्ताव ठेवला होता. पहिलं बक्षीस 25 लाख डॉलर होतं, दुसरं 13 लाख. समोर बसलेले सॅमी फारहा अनुभवी व्यावसायिक होते, त्यांनी नाही म्हटलं. पुढे मनीमेकर जिंकले, म्हणून फारहा चुकले असं मात्र नाही. स्वतःचा खेळ सरस आहे असं वाटणाऱ्याने डील नाकारणं अगदी रास्त आहे. तुम्हालाही तसं वाटत असेल तर भिडेखातर हो म्हणू नका. सगळे तुमच्याकडे पाहत असताना नाही म्हणणं जड जातं खरं, पण पैसा तुमचा आहे.

4. चिप्स मोजा, मग गणित मांडा

अंदाजाने बोलू नका. डीलरकडून (पत्ते वाटणाऱ्याकडून) प्रत्येकाचा स्टॅक, म्हणजे त्याच्याकडच्या सगळ्या चिप्स, मोजून घ्या आणि सगळ्यांची बेरीज एकूण चिप्सशी जुळते का ते पाहा. आकडे स्क्रीनवर किंवा कागदावर सगळ्यांना दिसले पाहिजेत.

पद्धती मुख्यतः दोन. पहिली चिप चॉप: उरलेल्यांतलं सर्वात लहान बक्षीस प्रत्येकाला द्यायचं आणि बाकीची रक्कम चिप्सच्या प्रमाणात वाटायची. दुसरी आयसीएम, म्हणजे इंडिपेंडंट चिप मॉडेल: कोण कितव्या क्रमांकावर येण्याची शक्यता किती, हे चिप्सवरून काढायचं आणि त्या शक्यतेला त्या त्या बक्षिसाने गुणायचं. क्रमांकांच्या शक्यतेचं हेच गणित डेव्हिड हार्विल यांनी 1973 मध्ये घोड्यांच्या शर्यतीसाठी मांडलं होतं.

उदाहरण घेऊ. बक्षिसं 1,00,000, 60,000 आणि 40,000 डॉलर. तिघांकडे एकूण चिप्सपैकी 50, 30 आणि 20 टक्के चिप्स आहेत.

चिप चॉपमध्ये आधी प्रत्येकाला 40,000. उरलेल्या 80,000 ची चिप्सप्रमाणे वाटणी केली की तिघांना 80,000, 64,000 आणि 56,000 मिळतात.

आयसीएममध्ये पहिला येण्याची शक्यता चिप्सच्या टक्क्यांइतकीच धरतात. दुसऱ्या क्रमांकासाठी थोडी आकडेमोड लागते. 50 टक्केवाला दुसरा येईल तो दोन प्रकारे. 30 टक्केवाला पहिला आला, तर उरलेल्या 70 पैकी 50 चिप्स याच्याकडे आहेत: 0.30 गुणिले 50/70, म्हणजे 21.43 टक्के. 20 टक्केवाला पहिला आला, तर 80 पैकी 50: 0.20 गुणिले 50/80, म्हणजे 12.5 टक्के. मिळून 33.93 टक्के. तिसरा येण्याची शक्यता उरते 16.07 टक्के. आता बक्षिसांनी गुणा: 50,000 अधिक 20,357 अधिक 6,429, म्हणजे 76,786 डॉलर. याच रीतीने इतर दोघांचे 65,500 आणि 57,714 येतात.

चिप चॉपमध्ये मोठ्या स्टॅकवाल्याला 3,214 डॉलर जास्त मिळतात, ते असे. चिप लीडर, म्हणजे सर्वात जास्त चिप्सवाला, चिप चॉपचा आग्रह का धरतो, हे यावरून कळेल. अंतर वाढलं की ही पद्धत पार कोलमडते. तेच बक्षीस, पण चिप्स 80, 10 आणि 10 टक्के असल्या, तर चिप चॉप चिप लीडरला 1,04,000 देते. म्हणजे जिंकूनही मिळाले नसते, इतके पैसे न खेळताच! आयसीएमप्रमाणे त्याचा वाटा सुमारे 91,556 होतो आणि इतर दोघांना 48,000 ऐवजी 54,222 मिळतात. स्टॅक लहान असेल तर आयसीएमचा आकडा पाहिल्याशिवाय मान डोलावू नका.

दोघेच उरले असतील तर मात्र दोन्ही पद्धतींचं उत्तर एकच येतं, तेव्हा त्यावर भांडत बसू नका.

5. आकड्यांवर घासाघीस करा

आयसीएमला खेळाडूचं कौशल्य कळत नाही, आणि पुढच्याच हँडला बिग ब्लाइंड (दोन सक्तीच्या पैजांपैकी मोठी) कोणावर येणार हेही कळत नाही. म्हणून हा आकडा बोलणी सुरू करायला घ्यावा. सरस खेळाडू थोडे जास्त मागतो, इतरांना पटलं तर देतात. दोन-चार टक्के वर-खाली होणं नेहमीचं आहे. त्याहून जास्त मागणी आली तर शांतपणे म्हणा, "मग खेळूया."

थोडी रक्कम विजेत्यासाठी बाजूला ठेवायची पद्धत चांगली आहे, आणि बऱ्याच आयोजकांची तशी अटही असते. वरच्या उदाहरणात 10,000 बाजूला ठेवले, तर पहिलं बक्षीस 90,000 धरून गणित पुन्हा करायचं. तिघांचे वाटे 71,786, 62,500 आणि 55,714 होतात, आणि 10,000 व ट्रॉफी यांसाठी खेळ चालू राहतो.

डीलमुळे पहिल्या क्रमांकापेक्षा दुसऱ्याला जास्त पैसे मिळू शकतात. 2019 मध्ये लंडनच्या ट्रायटन मिलियन स्पर्धेत बाय-इन 10,50,000 पौंड होता. शेवटच्या दोघांसाठी 1 कोटी 90 लाख आणि 1 कोटी 16 लाख 70 हजार पौंड होते. ब्रिन केनी यांच्याकडे चिप्स जास्त असताना डील झाली. पुढे स्पर्धा जिंकली आरोन झँग यांनी आणि त्यांना मिळाले 1,37,79,491 पौंड. दुसऱ्या आलेल्या केनी यांना मिळाले 1,68,90,509. दोन्ही रकमांची बेरीज मूळ बक्षिसांच्या बेरजेशी पौंडापर्यंत जुळते. तुमच्या डीलची बेरीजही अशीच जुळवून पाहा, कारण घाईच्या आकडेमोडीत हमखास काहीतरी सुटतं.

6. कर कोण भरणार, ते आधी बोला

खासगी डीलमध्ये सर्वात जास्त नुकसान इथे होतं, आणि याच मुद्द्यावर सर्वात कमी बोललं जातं. अमेरिकेत ज्यांच्या देशाशी सवलतीचा करार नाही, अशा परदेशी खेळाडूंच्या बक्षिसातून 30 टक्के कर तिथल्या तिथे कापला जातो. आता पाहा. दोघे उरलेत, बक्षिसं 1,00,000 आणि 60,000. दोघांनी 80,000 असे समान वाटून घ्यायचं ठरवलं, पण अधिकृत नोंद तक्त्याप्रमाणेच होणार आहे. ज्याला कपात लागू आहे तो जिंकला, तर त्याच्या हातात पडतात 70,000. ठरल्याप्रमाणे 20,000 दुसऱ्याला दिले की उरतात 50,000. दुसऱ्याकडे 60,000 अधिक 20,000, म्हणजे पूर्ण 80,000. "समान" वाटणीत एवढी तफावत!

म्हणून वाटणी कर कापण्याआधीच्या रकमेची आहे की हातात पडलेल्या रकमेची, हे स्पष्ट शब्दांत ठरवा. अमेरिकेत एकाच बक्षिसाचे वाटेकरी अनेक असतील तर ते दाखवायला 5754 क्रमांकाचा फॉर्म आहे. तो पैसे देणाऱ्या संस्थेला द्यायचा असतो, त्यामुळे कॅसिनो तो घेणार का हे कॅशियरकडे रांगेत उभं राहण्याआधी विचारा. रक्कम मोठी असेल तर करसल्लागाराची फी वसूल होतेच.

7. लिहून घ्या

एक साधा कागद पुरतो. प्रत्येकाचं पूर्ण नाव, रक्कम, चलन, कराची अट, विजेत्यासाठी ठेवलेली रक्कम, डीलर व कर्मचाऱ्यांची टिप कोणाच्या वाट्यातून जाणार, आणि पैसे कधी व कसे द्यायचे. सर्वांच्या सह्या घ्या, फोटो काढून प्रत्येकाला पाठवा. फ्लोअरचा माणूस साक्षीदार व्हायला तयार असेल तर फारच छान. समोरचा मित्र असला तरी कागद कराच. मैत्री टिकायलाही तो लागतो.

8. डीलनंतर खेळ खराच खेळा

वाटणी ठरली तरी हरायचं ठरवता येत नाही. मुद्दाम चिप्स देणं, ज्याला चिप डंपिंग म्हणतात, आणि एकमेकांना सांभाळून खेळणं हे गंभीर गुन्हे मानले जातात. 2025 च्या डब्ल्यूएसओपीत मिलियनेअर मेकर स्पर्धेच्या शेवटच्या दोघांबाबत असाच संशय आला. त्यातल्या एकाला ब्रेसलेट (डब्ल्यूएसओपी स्पर्धेच्या विजेत्याला मिळणारं मानचिन्ह) जिंकल्यास एका बाहेरच्या कंपनीकडून 10 लाख डॉलरचा वेगळा बोनस मिळणार होता. चिप्समध्ये तो खूप मागे होता, आणि तिथून तो जिंकला. चौकशीनंतर आयोजकांनी विजेता जाहीरच केला नाही, ब्रेसलेट कोणालाही दिलं नाही, आणि उरलेली बक्षिसं दोघांत वाटली. बाहेरचा बोनस, प्रायोजकाचं बक्षीस किंवा साइड बेट, म्हणजे बाजूला लावलेली वेगळी पैज, असेल, तर डीलच्या बोलणीतच ते उघड करा.

9. पैसे हातात येईपर्यंत तिथेच थांबा

अधिकृत डील असेल तर पावतीवर ठरलेला आकडा आहे का ते पाहून मगच सही करा. खासगी असेल तर सगळ्यांनी एकत्रच कॅशियरकडे जा आणि देणं तिथेच उरका. रोख शक्य नसेल तर बँक ट्रान्सफर तुमच्यासमोर सुरू करून घ्या आणि त्याचा क्रमांक टिपून ठेवा. वेगळ्या चलनात पैसे येणार असतील तर कोणत्या दिवसाचा विनिमय दर धरायचा, ते सातव्या पायरीतल्या त्याच कागदावर लिहा.