विद्यापीठाच्या आठवणी ध्वनिमुद्रित करताना या चुका टाळा

एखाद्या विभागाचा सुवर्णमहोत्सव जवळ आला की बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठातून निवृत्त झालेल्या मंडळींच्या मुलाखती घेण्याचा उत्साह उसळतो. उत्साहाबद्दल तक्रार नाही, परंतु हाती येणारी ध्वनिमुद्रणे ऐकताना तेच ते दोष वारंवार आढळतात आणि त्यांतील बहुतेकांचे मूळ घाईत असते.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे छापील माहिती माणसाच्या तोंडून वदवून घेणे. विद्यापीठ ३० एप्रिल १९४९ रोजी स्थापन झाले आणि हंसा मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू होत्या, हे कोणत्याही स्मरणिकेत सापडते. त्या वर्षी अठराव्या वर्षी प्रवेश घेतलेला विद्यार्थी आज नव्वदी ओलांडलेला असणार, म्हणजे दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यात आज भेटणाऱ्या बहुतेकांसाठी स्थापनेचा काळ ऐकीव आहे. १९७४ चे गुजरातमधील विद्यार्थ्यांचे नवनिर्माण आंदोलन आणि पाठोपाठ आलेली आणीबाणी मात्र त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली आहे, आणि नेमके तेच कोणी विचारत नाही.

एका प्रयोगशाळा सहायकांची मुलाखत दोन विद्यार्थ्यांनी घेतली होती, ती मी नंतर पूर्ण ऐकली. पहिलाच प्रश्न होता, "काका, कलाभवन कधी सुरू झालं?" कलाभवन म्हणजे विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विद्याशाखेची मूळ संस्था. काकांनी १८९० हे साल सांगितले, संस्थापकाचे नाव सांगितले, आणि पुढचा बराच वेळ ते परीक्षेला बसल्यासारखे उत्तरे देत राहिले. मध्येच ते स्वतःहून म्हणाले, "चुमोत्तरला आमची वर्कशॉप बंद होती, तेव्हा किल्ल्या माझ्याकडे होत्या." चुमोत्तर म्हणजे गुजरातीत चौऱ्याहत्तर, आंदोलनाचे साल. त्यावर एक विद्यार्थी म्हणाला, "हो, त्याकडे नंतर येऊ." मुलाखत संपली तरी ते नंतर आलेच नाही. पुढे कोणी पुन्हा जाईपर्यंत काका मुलाकडे पुण्याला गेले होते आणि त्यांना नीट ऐकू येईनासे झाले होते. बंद वर्कशॉपच्या किल्ल्या ज्या माणसाकडे होत्या, त्याच्याकडून आपण मिळवले काय, तर पाटीवर कोरलेले एक साल!

म्हणून मी प्रश्नांचा कागद तयार करतो, पण तो पिशवीतच ठेवतो. हातात फक्त पेन्सिल आणि कोरे पान असते. बोलणारा एखाद्या गोष्टीला ओझरता स्पर्श करून पुढे गेला की तो शब्द आणि रेकॉर्डरवरील मिनिट टिपून ठेवतो, त्याला मध्येच तोडत नाही, आणि तो थांबला की मीही थोडा वेळ गप्प बसतो. नवशिक्यांना ही शांतता सहन होत नाही, ते लगेच पुढचा प्रश्न पुढे सरकवतात. जुन्या आठवणी मात्र बहुधा त्या थांबण्यानंतरच येतात.

दुसरी चूक याच्या अगदी उलट, म्हणजे बोलणाऱ्याची स्मृती तिथल्या तिथे दुरुस्त करणे. "सयाजीराव महाराजांनी विद्यापीठाचं उद्घाटन केलं, आमच्या वडिलांनी पाहिलं," असे एखाद्या आजी सांगतात. महाराज १९३९ मध्ये वारले आणि विद्यापीठ दहा वर्षांनंतरचे, हे मुलाखतकाराला ठाऊक असलेच पाहिजे, परंतु ते त्या क्षणी बोलून दाखवले की आजी संकोचतात आणि पुढच्या प्रत्येक वाक्याला "मला नक्की आठवत नाही" असे जोडू लागतात. त्याऐवजी "वडील तिथे कसे गेले होते, आणखी काय सांगायचे?" असे विचारावे. कदाचित वडिलांनी पाहिलेला समारंभ खराच असेल, फक्त तो दुसऱ्या इमारतीचा असेल. तारखेतील विसंगतीची टीप नंतर लेखी उताऱ्याखाली द्यावी, बोलणे जसे आहे तसेच राहू द्यावे.

हाच नियम भाषेला लागू आहे. बडोद्याच्या मराठी घरांत बोलण्यात गुजराती शब्द सहज येतात, आणि उतारा करणारे उत्साही लोक ते पुसून पुस्तकी मराठी करतात. असा उतारा वाचताना बोलणारा माणूस ओळखूसुद्धा येत नाही. यंत्राकडून उतारा काढून न ऐकताच जमा करणाऱ्यांविषयी बोलावे तितके थोडेच.

फक्त प्राध्यापकांकडे जाऊ नका, कारण वसतिगृहाचा स्वयंपाकी आणि परीक्षा विभागातील हेडक्लार्क यांनी वेगळेच विद्यापीठ पाहिलेले असते. दोन जुन्या सहकाऱ्यांना एकत्र बसवू नका, एक बोलतो आणि दुसरा मान डोलावतो. पंखा बंद करा. फोनवर ध्वनिमुद्रण करत असाल तर तो विमान मोडवर ठेवा.

आवाजाचा तपशील गाळून लहान केलेल्या एमपी३ऐवजी मूळ आवाज जसाच्या तसा राखणारी वेव्ह (WAV) फाइल ठेवावी. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर तासाभराचे स्टिरिओ ध्वनिमुद्रण साधारण एक जीबी होते, आजच्या काळात ही जागा फार नाही. सुरुवातीलाच बोलणाऱ्याचे नाव, तारीख आणि ठिकाण मोठ्याने उच्चारावे. "न्यू रेकॉर्डिंग ७" अशा नावाच्या फाइलींचा ढीग मी एका विभागाच्या कपाटातील हार्ड डिस्कवर पाहिला आहे, आणि त्यातील आवाज कोणाचे हे सांगू शकणारे कोणी तिथे उरले नव्हते.

शेवटचा मुद्दा संमतीपत्राचा. बहुतेक जण ते आल्याआल्या सही करून घेतात आणि सुटलो असे मानतात. आपण काय बोलणार आहोत हे त्या माणसाला तेव्हा माहीतच नसते. आरंभी ध्वनिमुद्रणाची परवानगी घ्यावी, आणि वापराची संमती मात्र बोलणे संपल्यावर वेगळी विचारावी: कोणता भाग आत्ता खुला ठेवायचा, कोणता काही वर्षे बंद ठेवायचा, कोणता वगळायचा. एखाद्या माजी विभागप्रमुखाविषयी तोंडून गेलेले वाक्य मुलाखत देणाऱ्या बाईंना परत घ्यावेसे वाटले तर त्यांना तो अधिकार आहे, मग ते वाक्य आपल्याला कितीही मोलाचे वाटो.