मातीवर पूर्वी किती भार होता, ते आधी शोधा

सांगलीत सॉईल टेस्टिंगच्या कामाला लागलेली नवी मुलं रिपोर्ट उघडतात ते थेट बेअरिंग कपॅसिटीच्या, म्हणजे माती किती भार पेलेल त्याच्या पानावर. कृष्णाकाठच्या मळीत नि काळ्या रानात मला जास्त धास्ती असते ती फुटिंग (खांबाखालचा पाया) मातीत खाली बसण्याची. किती बसेल हे ठरतं त्या मातीनं पूर्वी सोसलेल्या जास्तीत जास्त दाबावरून.

समजा, फुटिंगखाली २ मीटर चिकणमाती आहे. तिच्या मध्यावर आजचा दाब ४० किलोपास्कल, इमारतीमुळं आणखी ४० येणार. व्हॉइड रेशो (घन कणांच्या मानानं पोकळी) ०.९, कॉम्प्रेशन इंडेक्स (जुन्या दाबापलीकडं माती किती दबते) ०.३५, रिकॉम्प्रेशन इंडेक्स (जुन्या दाबाच्या आत किती दबते) ०.०५. दाब आजवर ४०च्या वर कधीच गेला नसेल, तर सेटलमेंट, म्हणजे पायाचं बसणं, ११० मिलिमीटरच्या घरात जातं. पूर्वी ८०च्या वर गेला असेल, तर जेमतेम १६. पायांसाठीच्या भारतीय मानकात, आयएस १९०४ मध्ये, प्लास्टिक क्लेवरच्या (मऊ चिकणमातीवरच्या) आरसीसी इमारतीच्या सुट्या फुटिंगला ७५ मिलिमीटरची मर्यादा आहे, म्हणजे पास-नापास इथंच ठरतं.

आमच्याकडं वीटभट्ट्यांसाठी माती उचललेली रानं आहेत. मातीचं वजन घनमीटरला १८ किलोन्यूटन धरा. ३ मीटर माती गेली की ५४ किलोपास्कल उतरले. आज ४० असेल, तर पूर्वी ९४ होते. म्हणून माती तपासायला बोअर मारताना बांधावरच्या मामांना विचाराच. एकदा मला उत्तर मिळालं, "काढलीया की! हितं भट्टी हुती. मागनं राडारोडा टाकून भरलंय बी." ते ऐकून बोअरची जागा बदलली. तसल्या भरावावर फुटिंग टेकवायचं नसतं, आणि भराव आला की वरचा हिशेबही बदलतो.

लॅबमध्ये भार टप्प्याटप्प्यानं दुप्पट करत, प्रत्येक टप्पा साधारण २४ तास ठेवत कन्सॉलिडेशन टेस्ट (माती दाबाखाली किती दबते त्याची चाचणी) चालते. दाब वाढेल तशी पोकळी किती घटते, त्या आलेखाच्या वाकावर मृदातज्ज्ञ कॅसाग्रँडची १९३६ची रीत लावली की पूर्वीचा दाब मिळतो. सँपल मात्र जपा. ट्यूबची दोन्ही तोंडं मेणानं बंद करा, गाडीवर आदळत आणू नका. विस्कटलेल्या मातीचा वाक बोथट होतो आणि दाब खराहून कमी दिसतो.

काळ्या मातीत आणखी एक खुबी आहे. उन्हाळ्यात सुकून आकसल्यानंही ती घट्ट होते, त्यामुळं माती न काढताही हा दाब मोठा येतो. पावसात तीच फुगते, म्हणून तिथं स्वेलिंग प्रेशरची, म्हणजे फुगताना ती देत असलेल्या दाबाची, टेस्ट वेगळी करून घ्या. आणि आलेखाचा आकडा मामांच्या सांगण्याशी जुळला नाही, तर सही करण्याआधी दुसरं सँपल काढा.