गुडघ्यात इंजेक्शन घेण्याआधी आणि घेतल्यानंतर

गेल्या पाच वर्षांत माझ्या उजव्या गुडघ्यात सात वेळा सुई गेली. तीनदा स्टेरॉईड, आठवड्याच्या अंतराने जेलची म्हणजे वंगणाची तीन आणि एकदा पीआरपी, म्हणजे आपल्याच रक्तातून काढलेल्या भागाचं इंजेक्शन. एक्स-रेवर झीज तिसऱ्या ग्रेडची आहे. म्हणजे हाडांमधली फट बरीच कमी झालीय, पण हाडावर हाड घासण्याची वेळ अजून आलेली नाही. पहिल्या सुईपासून मी एक वही ठेवली. किती दुखलं, किती दिवस बरं वाटलं, जिन्याच्या चौदा पायऱ्यांपैकी किती कठड्याला न धरता चढले, हे सगळं तिच्यात आहे. आता गुडघ्यात इंजेक्शन घ्यायचं चाललेलं कुणी भेटलं की मी ती वहीच उघडते.

इंजेक्शनने झीज भरून येत नाही. दुखणं काही काळ मागे हटतं, इतकंच. तो काळ कशात घालवायचा हे आधी ठरवून ठेवा, सुई कुठली घ्यायची ते मग बघा. पहिल्या वेळी मी नेमकं याच्या उलट केलं.

पहिलं इंजेक्शन स्टेरॉईडचं होतं. सोबत भूल देणारं औषध मिसळलेलं असतं, त्यामुळे टेबलावरून उतरले तेव्हा गुडघा अगदी मोकळा वाटला. गुण आला असं समजून संध्याकाळी मी दोनदा जिना चढ-उतार केला. रात्री भुलीचा अंमल ओसरला आणि असा ठणका लागला की कुशीवर वळता येईना. स्टेरॉईडनंतर पहिले एक-दोन दिवस दुखणं वाढू शकतं, हे मला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून त्या दिवसाचं आणि दुसऱ्या दिवसाचं काम आधीच उरकून ठेवा. बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवली तर बरं वाटतं. खरा गुण साधारण दोन-तीन दिवसांनी यायला लागतो, काहींना आठवडा लागतो.

दुसरी गोष्ट साखरेची. मला मधुमेह आहे. त्या दवाखान्यात कुणी विचारलं नाही आणि मीही आपणहून बोलले नाही, कारण गुडघ्याचा आणि साखरेचा काय संबंध असं मला वाटत होतं. एरवी दीडशेच्या आसपास असणारी साखर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 286 झाली. मी घाबरून गेले. सांध्यात दिलेलं स्टेरॉईड थोडं रक्तातही उतरतं आणि साखर काही दिवस वर राहू शकते. मधुमेह असेल तर इंजेक्शन ठरवतानाच ते सांगा, आठवडाभर रोज साखर तपासा आणि किती वर गेली तर फोन करायचा तो आकडा आधीच विचारून ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी, कुठली ॲलर्जी, अंगात ताप, गुडघ्याजवळ जखम किंवा पुरळ, यातलं काहीही असेल तर तेही सांगायचं. आपल्याला किरकोळ वाटलं तरी सांगायचं.

त्या इंजेक्शनचा गुण सात आठवडे टिकला. त्या सात आठवड्यांत मी भरपूर हिंडले आणि मांडीच्या व्यायामाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आठव्या आठवड्यात गुडघा पुन्हा होता तिथेच आला.

दुसऱ्या वेळी सुईआधीच फिजिओथेरपिस्टकडे गेले. तिने गुडघ्याला हातही न लावता मांडीच्या पुढच्या स्नायूवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "काकू, हा झोपलाय. याला जागं केल्याशिवाय गुडघ्यावरचा भार कोण उचलणार?" तिने तीन व्यायाम दिले. पहिला, पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि पाच आकडे मोजेपर्यंत ती गुडघ्याने खाली दाबायची. दुसरा, उताणं झोपून पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. तिसरा, हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठायचं आणि सावकाश बसायचं. एरवी दुखण्यामुळे तिसरा मला दोनदाही जमत नव्हता. इंजेक्शननंतर पाचव्या दिवशी सहा वेळा जमला. महिन्याभराने दोन वेळा दहा-दहा. त्या खेपेचा आराम साडेचार महिने टिकला. त्यातला सुईचा वाटा किती आणि मांडीचा किती हे वेगळं काढता येणार नाही, पण माझा भरवसा मांडीवर आहे. 2020 मध्ये 156 रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात वर्षाअखेरीस स्टेरॉईड घेतलेल्यांपेक्षा फिजिओथेरपी केलेल्यांचं दुखणं कमी होतं.

स्टेरॉईड वरचेवर घेऊ नका. दोन सुयांमध्ये निदान तीन महिने जाऊ द्यावेत, असं बहुतेक डॉक्टर सांगतात. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही रुग्णांना दोन वर्षं दर 12 आठवड्यांनी स्टेरॉईड दिलं आणि इतरांना नुसतं सलाईनचं पाणी. स्टेरॉईडवाल्यांची कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, जास्त झिजली आणि दुखण्यात मात्र दोन्ही गटांत फारसा फरक दिसला नाही. हे वाचल्यापासून मी त्याच्याकडे अडीअडचणीचं औषध म्हणून बघते. गुडघा बदलायची शस्त्रक्रिया जवळ आली असेल तर सर्जनला विचारल्याशिवाय सुई घेऊच नका. शस्त्रक्रियेच्या आधीच्या तीन महिन्यांत घेतलेल्या इंजेक्शनमुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

तिसऱ्या खेपेला गुडघा टम्म सुजला होता, म्हणून आधी पाणी काढलं. मी पाठीवर झोपलेले होते आणि गुडघ्याखाली उशी होती. वाटीच्या वरच्या बाहेरच्या कडेला डॉक्टरांनी अंगठ्याने चाचपून खूण केली, औषधाने पुसलं आणि सुई घातली. मी मांडी आवळली आणि तिथेच कळ आली. ते म्हणाले, "पायाची बोटं हलवा, आणि माझ्याशी बोलत राहा." बोटं हलवायला लागले तशी मांडी आपोआप सैल पडली. सिरिंजमध्ये वाळल्या गवताच्या रंगाचं, पारदर्शक पाणी चढताना दिसलं. ते स्वच्छ आहे म्हणजे चांगलंच, असं डॉक्टर म्हणाले. गढूळ निघालं असतं तर स्टेरॉईड न देता आधी तपासायला पाठवलं असतं. बोटं हलवायची ही युक्ती मी पुढच्या चारही सुयांना वापरली.

जेलचं इंजेक्शन म्हणजे हायालुरोनिक ॲसिड, सांध्यातल्या वंगणात मुळातच असणारा पदार्थ. काही प्रकारांत एकच सुई असते, काहींत आठवड्याच्या अंतराने तीन ते पाच. काही जेल कोंबड्याच्या तुऱ्यापासून बनतात, त्यामुळे अंड्याची किंवा कोंबडीची ॲलर्जी असेल तर आधी विचारा. गुण सावकाश येतो. मला पाचव्या आठवड्यापर्यंत काहीच जाणवलं नाही, मग सकाळचं आखडणं थोडं कमी झालं, आणि वहीत त्यापुढे फारसं काही नाही. अमेरिकेतल्या अस्थिशल्यचिकित्सकांच्या संघटनेने 2021 च्या मार्गदर्शिकेत ते सरसकट वापरू नये असंच म्हटलंय. तरी काहींना त्याने बरं वाटतं, हेही मी पाहिलंय. "वंगण भरतो, गुडघा नवा होईल" असं कुणी म्हणालं तर मात्र तिथून उठा.

पीआरपीत आपलंच रक्त काढून मशीनमध्ये फिरवतात आणि प्लेटलेट्स जास्त असलेला भाग गुडघ्यात सोडतात. त्याच्या आधी आणि नंतर काही दिवस आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या बंद ठेवायला सांगतात. किती दिवस ते लिहून घ्या. मला तीन दिवस चांगलंच दुखलं, मग दोन महिने बरं गेलं. 2021 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या 288 जणांवरच्या चाचणीत वर्षभराने पीआरपी आणि सलाईन यांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. मी ते पुन्हा घेणार नाही. स्टेम सेलच्या, म्हणजे मूळ पेशींच्या इंजेक्शनच्या वाटेला तर गेलेच नाही. संधिवाताच्या डॉक्टरांच्या अमेरिकेतल्या संस्थेने 2019 मध्येच ते न घेण्याची ठाम शिफारस केली आहे.

सुई कुठलीही असो, एका गोष्टीत हयगय नको. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं उतरायच्या ऐवजी चढत असेल, गुडघा लाल आणि गरम लागत असेल, ताप किंवा थंडी वाजत असेल, पाय टेकवत नसेल, तर सकाळची वाट न बघता त्याच वेळी डॉक्टर गाठा. सांध्यात जंतू शिरणं क्वचित घडतं, पण घडलं तर एकेक तास मोलाचा असतो.

वहीत तारीख, औषधाचं नाव आणि मात्रा, कुठला गुडघा एवढं तरी हवंच. त्याखाली रोज रात्री शून्य ते दहामध्ये दुखण्याचा एक आकडा आणि स्वतःची एक ठरावीक कसोटी. माझी पायऱ्यांची आहे. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. पुढच्या भेटीला डॉक्टरांनी "कसं वाटतंय?" विचारलं की मी वहीच पुढे करते. गेल्या वेळी त्यांनी ती पाच मिनिटं वाचली आणि सुई न देता व्यायामात चौथा वाढवला. भिंतीला पाठ लावून अर्धवट खाली सरकायचं आणि दहा आकडे तसंच थांबायचं. आज मी सातपर्यंत पोचले आहे.