रुंद टायर घेण्याआधी रिम मोजा

टोयोटा जीटी८६ या स्पोर्ट्स कारला कंपनीचे टायर २१५/४५ आर१७ (रुंदी २१५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ४५ टक्के, रिमचा व्यास १७ इंच), रिमची रुंदी ७ इंच. ग्रिप कमी वाटली की लोक थेट २४५/४० कडे धावतात. टायरचा बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, ६२५ च्या जागी ६२८ मिमी. पण त्याला किमान ८ इंच रुंद रिम लागते. ७ इंचीवर चढवलात तर साइडवॉल (टायरच्या बाजू) आत दबतात आणि वळणावर गाडी डुलते. २२५/४५ ला ७ इंच चालते, पण तीही अगदी खालची मर्यादा. माझं ऐकाल तर आधी मूळ मापातच मऊ कंपाउंडचे (रबराचे) समर टायर घाला. मूळचे मिशलिन प्रायमसी एचपी प्रियस या टोयोटाच्या इंधन वाचवणाऱ्या हायब्रिड गाडीलाही यायचे (कंपनीला गाडी थोडी घसरायला हवीच होती!). चारही टायर एकाच जातीचे घ्या, आणि हवा टायर थंड असतानाच तपासा.