तुपात हसणाऱ्या अनारशांवर सापडलेला उपाय
दिवाळीच्या अनारशांसाठी तांदूळ ३ दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, नंतर निथळून कापडावर पसरले आणि किंचित दमट असतानाच दळून, चाळलेल्या पिठात समभाग गूळ कालवून ठेवला. तरीही पहिला अनारसा कढईत सोडताच हसला, म्हणजे सुटून त्याचा चुरा तुपावर पसरला. दोष गुळाचा होता, कारण यंदा मिळालेला गूळ फारच मऊ आणि ओलसर होता. गरम तुपात असा गूळ चटकन वितळतो, आणि तांदळात गव्हासारखे ग्लुटेन नसल्याने पिठाला धरून ठेवणारे काहीच उरत नाही.

अशा वेळी गव्हाचे पीठ मिसळण्याचा सल्ला हमखास मिळतो. मला तो पटत नाही, कारण त्याने जाळी मारली जाते. त्याऐवजी राखून ठेवलेली तांदळाची पिठी, वाटीभर मिश्रणाला एक मोठा चमचा या बेताने मळून, गोळा रात्रभर झाकून ठेवला. सकाळी नमुन्याचा एकच अनारसा तळला; त्याच्या कडा अजून सुटत होत्या, म्हणून आणखी अर्धा चमचा पिठी घातली आणि मग मात्र पुढचा अनारसा अखंड राहिला.

तळताना खसखशीची बाजू वर ठेवावी, अनारसा उलटू नये, मध्यम आचेवर झाऱ्याने वरून तूप उडवत राहावे आणि बाहेर काढल्यावर चाळणीत उभा ठेवून निथळू द्यावा. मिश्रण उलट कोरडे झाले, तर दुधाचे काही थेंब पुरतात.