रंगमंचावर जिवंत कबूतर, ससा काढताय? या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं सुरू झाली की ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या जादूगारांचे मला फोन येऊ लागतात. कबूतर ऐन वेळी मान टाकून बसलं. ससा टोपीत मुतला. कबूतर कोटातच घुमायला लागलं आणि पहिल्या रांगेतली पोरं हसली. तक्रारी वेगवेगळ्या असतात, मूळ बहुतेक वेळा एकच निघतं. प्राणी कसा लपवायचा हे शिकून झालेलं असतं; लपलेला असताना त्याचं काय होतं हे कुणी विचारलेलंच नसतं. युक्त्यांची गुपितं मी इथे उघड करणार नाही. ज्यांना हा आयटम खरोखर शिकायचा आहे त्यांना ती गुरूकडून कळतातच. चुकांबद्दल मात्र उघडपणे बोलायलाच हवं.

लोड फार लवकर करणं

लोड करणं म्हणजे आयटमआधी प्राणी कोटात लपवून बसवणं. सगळ्यात जास्त दिसणारी आणि मला सगळ्यात जास्त राग आणणारी चूक हीच.

नेरूळमधल्या एका शाळेच्या संमेलनात माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाचा प्रयोग होता. मी फक्त बघायला गेलो होतो. पत्रिकेत सहाची वेळ छापलेली, म्हणून त्याने सहाच्या आधीच कबूतर कोटात बसवलं. प्रमुख पाहुणे ठाणे-बेलापूर रस्त्यावर अडकले. ते आल्यावर दीपप्रज्वलन झालं, ईशस्तवन झालं, स्वागतगीत झालं. मग शाल-श्रीफळ, मग वार्षिक अहवाल, मग पाहुण्यांचं भाषण. मी सहज विंगेत डोकावलो तर हा कोटाची बटणं लावून, घामाने निथळत उभा. विचारलं, "कबूतर कुठे आहे?" म्हणाला, "सर, लोडेड आहे." "कधीपासून?" त्याने घड्याळाकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

तिथेच कोट काढायला लावला. कबूतर चोच उघडी टाकून श्वास घेत होतं, प्रत्येक श्वासाला शेपटी वर-खाली होत होती, पंख लोंबत होते. कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली, ती मी बाजूला सारली. धापा टाकणाऱ्या पक्ष्याच्या चोचीत पाणी ओतलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात त्याला ठेवलं, खोकं हवेशीर खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. हळूहळू ते सावरलं. पण त्या दिवसानंतर काळा कोट दिसला की ते पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जाऊन धडका घ्यायचं. त्याला पुन्हा कधी रंगमंचावर आणलं नाही.

हे का होतं ते नीट समजून घ्या. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हलतं तेव्हाच त्यांच्या शरीरात हवा आत-बाहेर होते. नाक-तोंड मोकळं आहे म्हणून पक्षी ठीक आहे असं समजू नका. छाती आवळली तर मोकळ्या नाकानेही तो गुदमरतो. त्यात माणसाच्या अंगाची उष्णता, वर जाड कोट आणि आपली खाडीकाठची दमट हवा.

त्या मुलाला विचारलं, इतक्या लवकर का बसवलंस? म्हणाला, "ऐन वेळी हात थरथरतात, म्हणून आधीच उरकून टाकलं." खरं दुखणं हे आहे. सराव कमी पडला की त्याची किंमत पक्ष्याने मोजायची. अमेरिकन जादूगार लान्स बर्टनने १९८२ मध्ये फिसमच्या, म्हणजे जादूगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, जागतिक स्पर्धेत कबुतरांच्या प्रयोगावर ग्रां प्री हे सर्वोच्च पारितोषिक जिंकलं. त्याची चित्रफीत बघून येणाऱ्या मुलांना पंधरा दिवसांत तसंच करायचं असतं. त्याच्या हातात जी सहजता दिसते ती कशी आली असेल, याचा विचार कुणी करत नाही. रबराचं कबूतर घ्या आणि विंगेच्या अंधारात, न बघता, न धडपडता लोड जमेपर्यंत त्याच्यावरच हात बसवा. जिवंत पक्षी त्यानंतर.

माझी पद्धत सांगतो. कबुतराचा आयटम मी नेहमी पहिला ठेवतो, शेवटी कधीच नाही. शेवटी ठेवला तर टाळ्या जास्त मिळतील, पण तोवर पक्ष्याला ताटकळत ठेवायला मी तयार नाही. कोट विंगेत हँगरवर टांगलेला असतो. सूत्रसंचालकाला आधीच सांगून ठेवतो की माझ्या नावाची प्रस्तावना सुरू करण्याआधी मला हात दाखवा. हात दिसला की लोड. पाच मिनिटांत मंचावर गेलो नाही तर पक्षी बाहेर, मग कोण काय म्हणतंय ते ऐकत बसत नाही. आयोजकांशी बोलतानाच सांगतो की भाषणानंतर लगेच माझा आयटम लावू नका, मध्ये एखादा नाच ठेवा. पक्षी कोटात धरून ठेवायला पट्टा किंवा पिशवी असेल तर ती सुती आणि हवा खेळणारी. साटीन दिसायला छान, पण आत भट्टी होते. पट्ट्याखाली माझी दोन बोटं सहज गेली नाहीत तर मी तो पट्टा वापरत नाही.

सशाला कानाला धरून उचलणं

जुन्या पोस्टरवर जादूगाराने कान धरून टोपीतून ससा काढलेला असतो आणि अजूनही मुलं तेच चित्र डोक्यात ठेवून येतात. सशाचे कान ही मूठ नव्हे. त्यात रक्तवाहिन्यांचं जाळं असतं आणि अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटेच बाहेर टाकतो.

त्याहून मोठा धोका पाठीचा आहे. सशाचे मागचे पाय फार ताकदीचे आणि त्या मानाने पाठीचा कणा नाजूक. मागचा भाग अधांतरी राहिला आणि त्याने जोरात लाथ झाडली, तर स्वतःच्याच ताकदीने त्याचा कणा मोडू शकतो. घोडबंदर रोडवरच्या एका वाढदिवसाला एका जादूगाराने टोपीतून ससा काढला आणि टाळ्यांच्या भरात थेट वाढदिवसाच्या मुलीच्या हातात दिला. मुलगी सहा-सात वर्षांची. ससा झटकला, तिने घाबरून हात सोडले, तो फरशीवर पडला आणि पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत सोफ्याखाली गेला. सगळी मुलं ते बघत होती. परळच्या जनावरांच्या दवाखान्यात एक्स-रे काढल्यावर कणा मोडल्याचं कळलं. तो जादूगार मला नंतर भेटला तेव्हा म्हणाला, "मुलांना हात लावू दिला नाही तर पालक नाराज होतात." होऊ देत नाराज. ससा काढल्यावर तो माझ्या हातातून थेट टेबलावरच्या पेटीत जातो. पेटीत तळाला रबरी चटई, कारण गुळगुळीत पृष्ठभागावर त्याचे पाय घसरतात. मुलांना तो लांबून दाखवतो. हात लावायचा हट्ट असेल तर स्पंजचे ससे आहेत, ते मुलांच्या मुठीत ठेवून करायचा आयटम त्यांना जास्त आवडतो.

उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली आणि त्याचं अंग आपल्या पोटाशी टेकलेलं. टोपीतून काढतानाही हेच. असं काढलं तर आयटम दिसायला मऊ वाटतो, हे बोनस समजा.

काही जण सशाला उताणा करून "बघा, संमोहित केला" म्हणतात. उताणा केलेला ससा निपचित पडतो तो भीतीने. हिंस्र प्राण्याच्या तावडीत सापडल्यावर शरीर जसं गोठतं तसं ते असतं. हा आयटम बंद करा.

प्रयोगानंतर घरी गेल्यावर बघायचं काय? लेंड्या. घाबरलेल्या सशाचं आतडं मंदावतं. रात्रभर त्याने गवत खाल्लं नाही आणि सकाळी लेंड्या दिसल्या नाहीत तर "बघू संध्याकाळी" म्हणू नका, डॉक्टरकडे जा. सशाला उलटी करता येत नाही, पोट तुंबलं की ते आपोआप मोकळं होत नाही.

छताचे पंखे

गडकरी रंगायतनच्या किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहाच्या मंचावर हा प्रश्न येत नाही. येतो तो सोसायटीच्या हॉलमध्ये. हॉलवर पोहोचल्यावर पेट्या उघडण्याआधी मी वर बघतो. पंखा कबुतराच्या उडण्याच्या वाटेत असेल तर तो बंद, आणि बटणावर चिकटपट्टी, म्हणजे कुणी काका गरम होतंय म्हणून मध्येच चालू करणार नाहीत. पंखे बंद करायला आयोजक तयार नसतील तर कबूतर हातावरच राहील, उडणार नाही. यात तडजोड नाही, कारण पंख्यात गेलेल्या पक्ष्याचं काय होतं ते मी बघितलेलं आहे आणि समोर लहान मुलं बसलेली असतात.

गाडीत ठेवणं

प्रॉप्स टेम्पोने जाऊ देत, प्राणी तुमच्यासोबत. घोडबंदरला किंवा कळवा नाक्याला कोंडीत अडकलेल्या बंद टेम्पोत ससा ठेवणं म्हणजे त्याला मारणं. तिशीच्या पुढे पारा गेला की सशाला त्रास सुरू होतो. तोंडाने श्वास घेऊ लागला, नाक ओलं झालं, तर कान गार पाण्याने पुसा. बर्फाचं पाणी नको. आणि थेट दवाखाना गाठा.

ड्राय आइसचा धूर

ही चूक अनुभवी माणसंही करतात, म्हणून वेगळी लिहितोय. संमेलनात एखाद्या नाचाला ड्राय आइसचा धूर सोडतात. तो म्हणजे कार्बन डायऑक्साइड, हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरतो आणि विंगेतही सरकतो. तिथे जमिनीवर तुमचा पिंजरा असतो. पिंजरा नेहमी टेबलावर, आणि धुराच्या नाचाच्या वेळी विंगेबाहेर. फॉग मशीनचा धूरही पक्ष्यांच्या फुप्फुसांना सोसत नाही.

थोडक्यात उरलेल्या

डव्ह पॅनमध्ये (आग पेटवून झाकण ठेवायचं आणि उघडल्यावर पक्षी काढायचा, ते पत्र्याचं भांडं) ज्वाला मोठी दिसावी म्हणून लायटर फ्लुइड ओतत राहू नका. झाकणाने आग विझते, पण तापलेला पत्रा तापलेलाच राहतो आणि पक्षी त्याला लागून असतो. चमचाभराने भागतं. मी तर जिवंत पक्ष्यासोबत आग वापरतच नाही.

दिसायला देखणा म्हणून लक्का, म्हणजे पंख्यासारखा पिसारा उघडणारा पक्षी, घेऊ नका. तो खरोखरचं कबूतर आहे; आपण मंचावर ज्याला कबूतर म्हणतो तो लहान चणीचा पांढरा जावा डव्ह असतो. लक्का त्याच्या मानाने अंगाने मोठा, आणि तो पिसारा कोटात दुमडायचा म्हणजे मोडायचा.

कोटात घुमतं? नर असणार. नर जास्त घुमतो, आणि जवळ दुसऱ्या कबुतराचा आवाज आला तर हमखास. मादी वापरा, बाकीचे पिंजरे लांब ठेवा.

पोट भरून लोड करू नका. पाणी आणि थोडी बाजरी दुपारी, पोटभर जेवण प्रयोगानंतर.

नखं वाढलेली असतील तर ती रेशमात अडकतात आणि पाय मुरगळतो. आधी कापा.

कबूतर मोकळं असताना ब्लॅकआउट नको. अंधारात त्याला बसायची दांडी दिसत नाही.

गोल्डफिशचं भांडं काढणार असाल तर नळाचं पाणी आदल्या दिवशी भरून उघडं ठेवा. त्यातली क्लोरीन उडून जाऊ दे.

बाजारातली रंगवलेली कोंबडीची पिल्लं आणू नका. कुठल्याच आयटमसाठी.

पोपट आणि घुबड यांचं नावही काढू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली ते संरक्षित आहेत. कुणी "माझ्याकडे आहे, घेऊन जा" म्हणालं तरी नाही.

कागदपत्रं

"कबुतराला कुठे परवाना लागतो" हे वाक्य मला वरचेवर ऐकू येतं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली, लोकांना प्रवेश असलेल्या करमणुकीत वापरला जाणारा प्राणी म्हणजे खेळ करणारा प्राणी. त्याची नोंदणी लागते, आणि त्यासाठी २००१ पासून वेगळे नियम आहेत. नोंदणी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे, मंडळ हरियाणातल्या बल्लभगडला आहे. अर्जात प्राणी कोणता, किती, कुठे ठेवता, कोणता खेळ करता हे लिहावं लागतं. जुन्या कायद्यातला दंड किरकोळ आहे म्हणून हसणारे लोक मला भेटतात. प्राण्याला मारलं किंवा अपंग केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे त्यांना सांगा. आणि कैद होवो न होवो, नोंदणीचा अर्ज भरताना पक्षी कुठे राहतो हे लिहायला लागलं की पिंजरा किती लहान आहे हे माणसाला स्वतःलाच दिसतं.

लग्नात कबुतरं सोडणं

हल्ली वाशी-खारघरच्या हॉलमधून विचारणा येते: वरमाला पडली की हवेतून पांढरी कबुतरं काढा आणि आकाशात सोडून द्या. पांढरा जावा डव्ह पिंजऱ्यात जन्मलेला असतो. त्याला दाणा शोधता येत नाही, घर शोधता येत नाही, आणि पांढऱ्या रंगामुळे घारीला आणि कावळ्यांना तो लांबूनच दिसतो. सोडलेला पक्षी बहुतेक वेळा त्याच इमारतीच्या आसपास, एक-दोन दिवसांत संपतो. तोवर वऱ्हाड निघून गेलेलं असतं. अशा पार्टीला मी सांगतो की कबूतर निघेल, वधूच्या हातावर बसेल, फोटो होईल आणि माझ्यासोबत घरी परत येईल. बरेच जण ऐकतात. जे ऐकत नाहीत त्यांना मी रेशमी रुमालांचा आयटम सुचवतो, आणि तोही नको असेल तर ते काम घेत नाही.