स्मार्टफोन सोडताय? मग या चुका टाळा

स्मार्टफोन सोडून आठवड्याभरात परत त्यालाच चिकटलेल्या माणसाला विचारलं, तर तो व्यसनाला दोष देतो. जरा खोदून विचारलं की खरं कारण बाहेर येतं: ओटीपी अडकला, नंबर गेले, नाहीतर घरात भांडण झालं. व्यसनाचा प्रश्न पुढचा. बहुतेकांची गाडी तयारीपाशीच पंक्चर होते.

त्याच रात्री फोन रिसेट करणं

हा प्रकार इतक्यांदा घडतो की पाठ झालाय. रात्री अंगात येतं. सिम काढून कीपॅड फोनमध्ये जातं आणि ‘मोह नको’ म्हणून जुना फोन फॅक्टरी रिसेट होतो, म्हणजे त्यातलं सगळं पुसलं जातं. सकाळी कॉम्प्युटरवर ईमेल उघडायला बसावं, तर तो सहा आकडी कोड मागतो. एसएमएसची वाट बघत राहतात, पण हा कोड एसएमएसने येणारा नसतोच. ऑथेंटिकेटर ॲप तो दर ३० सेकंदांनी फोनमध्येच तयार करत असतं. ज्या गुप्त किल्लीवरून तो तयार व्हायचा, ती बॅकअप नसेल तर रिसेटबरोबर पुसली गेली. बाकीचे पासवर्ड बदलायला ईमेल हवा, आणि ईमेल उघडत नाही. किल्ली आत ठेवून दार ओढून घेतल्यासारखं. मग खातं परत मिळवायचे अर्ज, ओळख पटवणं, वाट बघणं. तोवर कुणाचा तरी उसना स्मार्टफोन हातात आलेला असतो.

माझा नियम: सिम हलवल्यापासून ३० दिवस जुना फोन पुसायचा नाही, विकायचा तर नाहीच. सिम हलवण्याआधी प्रत्येक खात्याच्या सुरक्षा सेटिंगमध्ये जाऊन बॅकअप कोड, म्हणजे फोन नसताना लॉगिन करायचे कोड, काढायचे. गुगल असे १० कोड देतं, प्रत्येक आठ आकडी आणि एकदाच चालणारा. ते कागदावर उतरवून महत्त्वाच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवायचे. स्क्रीनशॉट काढून त्याच फोनमध्ये ठेवणाऱ्यांना काय म्हणावं? मग जुना फोन बंद करून, कागदावरचा एक कोड वापरून कॉम्प्युटरवर लॉगिन होऊन बघायचं. झालं, तरच पुढे. काही बँकांची ॲप सिम त्याच फोनमध्ये असल्याशिवाय उघडत नाहीत, त्यामुळे बँकेचं काम वेबसाइटवरून होतं का, तेही आधीच बघा.

आयफोन असेल तर सिम काढण्याआधी आयमेसेज (आयफोनवाल्यांमधली इंटरनेटवरची मेसेज सेवा) बंद करा. विसरलात तर दुसऱ्या आयफोनवाल्यांनी पाठवलेले मेसेज एसएमएसने न येता आयमेसेजवरच जात राहतील आणि तुम्हाला वाटेल, कुणी विचारतच नाही.

स्वस्तातला डबडा उचलणं

फक्त २जी चालणारा फोन घेऊ नका. बऱ्याच ठिकाणी २जी, ३जी बंद झालंय किंवा होत आलंय. ४जी आणि व्हीओएलटीई (४जीवरून कॉल करायची सोय) दोन्ही हवं, आणि तेही तुमच्या नेटवर्कवर चालणारं. ई-सिम (फोनमध्येच असलेलं, काढता न येणारं सिम) वापरत असाल तर आधी साधं सिम करून घ्या. नॅनो सिम मोठ्या खाचेत बसवायला अडॅप्टर लागतो. तो न लावता नुसतं सिम आत कोंबलं की खाचेतल्या पिना वाकू शकतात.

नंबर सिमवर कॉपी करू नका. बहुतेक सिमवर अडीचशेच्या आसपासच नावं मावतात, लांब नावं तुटतात. व्हीसीएफ फाइल (सगळे नंबर एकत्र असलेली फाइल) काढा, आणि रोजचे वीसेक नंबर हाताने भरा. देवनागरी नावं नव्या फोनवर नुसते चौकोन दिसतात का, हे विकत घेण्याआधीच तपासा.

फोनबरोबर कामंही सुटली समजणं

खरं घर पेटतं ते इथे. नवरा कीपॅड फोन घेतो. चारचौघांत कौतुक होतं, ‘मन कसं शांत झालंय’ म्हणून तो सांगतही सुटतो. शाळेचा ग्रुप, डॉक्टरची वेळ, तिकिटं, पत्ता शोधणं, हे सगळं मात्र बायकोच्या फोनवर सरकतं. ‘अगं, जरा बघ ना, शाळेनं काय पाठवलंय?’ दिवसातून दहा वेळा. याचा संन्यास, तिची कारकुनी. तिचा फोनवरचा वेळ वाढतो, आणि वर ‘तू किती फोनवर असतेस’ हे ऐकून घ्यायचं.

म्हणून फ्रिजवर एक कागद लावा आणि सात दिवस लिहा: कुणी कुणाकडे फोनवरचं कुठलं काम मागितलं. मग प्रत्येक कामाला दुसरी जागा शोधा. शाळेला एसएमएस किंवा ईमेलवर कळवायला सांगा. तिकीट छापून घ्या. रस्ता निघण्याआधी बघून वळणं लिहून घ्या. व्हॉट्सॲप कॉम्प्युटरवर ठरलेल्या वेळी उघडा. पण मूळ फोन १४ दिवस उघडला नाही तर जोडलेले कॉम्प्युटर आपोआप लॉगआउट होतात. रविवारी दहा मिनिटं कपाटातला फोन वाय-फायवर चालू केला की काम भागतं. त्या कागदावर एकाच माणसाकडे तीनपेक्षा जास्त कामं राहिली असतील, तर अजून सोडू नका. घाई झालेल्यांना हे पटत नाही, त्यांना तिसऱ्या दिवशी पटतं.

बाकीच्या चुका

आधी मुलांचा फोन काढून घेणं. क्रम उलटा आहे, मोठ्यांपासून सुरू करा.

ॲपच्या वापरावर टायमर लावणारा आणि वेळ संपल्यावर ‘आणखी १५ मिनिटं’ दाबणारा एकच असेल तर तो टायमर शोभेचा. पासकोड घरातल्या दुसऱ्या कुणाला टाकायला सांगा.

बेडरूममध्ये चार्जर. सगळ्यांचे फोन रात्री एकाच ठिकाणी, झोपायच्या खोलीबाहेर. त्याआधी गजराचं घड्याळ आणा, नाहीतर ‘अलार्मपुरता’ म्हणत फोन उशाशी येतोच.

मराठीत लांबलचक एसएमएस लिहिणं. देवनागरीत एका मेसेजमध्ये ७०च अक्षरचिन्हं मावतात, काना-मात्राही वेगळे मोजले जातात, आणि पुढे गेलात की दोन-तीन मेसेजचे पैसे कापले जाऊ शकतात. त्यापेक्षा सरळ फोन करा.

आणि महिना उलटून जुना फोन खरंच ठेवून द्यायचा झाला, तर बॅटरी निम्मी भरलेली असताना बंद करा. पूर्ण रिकामा करून वर्षभर कपाटात टाकलेला फोन लागेल तेव्हा चालू होईलच असं नाही.